लंगड्याची अढी

लग्नानंतर मला नागपूरला न्यायला सासरची माणसं ज्येष्ठाच्या मध्यावर येणार असं कळलं, तेव्हा आत्या एवढंच म्हणाली, "म्हणजे लंगडा पिकायच्या आत."

आमचं घर बनारसला, दूधविनायकाच्या गल्लीत. आई मी अगदी लहान असताना गेली. वडिलांच्या थोरल्या विधवा बहिणीनं, म्हणजे आत्यानं, मला वाढवलं. लंगडा आंबा माझ्या जिवाचा. तिनं स्वतः मात्र नवऱ्याचं श्राद्ध करायला गयेला गेली तेव्हाच, तिथं आवडतं फळ सोडायच्या रिवाजाप्रमाणे, आंबा सोडला होता. तरी दर उन्हाळ्यात ती कोठीच्या खोलीत भाताचा पेंढा पसरून अढी घालायची आणि चव न घेता, नुसत्या वासावरून एकेक फळ काढून मला द्यायची.

वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी तिला म्हटलं, "अक्का, लवकर पिकवता येतील. पिकलेल्या फळातून एक वायू निघतो. त्याला इथिलीन म्हणतात. तो कच्च्या फळाला लागला की तेही पिकायला लागतं. अढीत पिकलेली केळी ठेवून बघू."

"दिसतो का तो?"

"नाही. पण असतो."

"मग ठेव," आत्या म्हणाली.

त्याच आठवड्यात आंधी आली आणि बाजारात पडलेल्या कैऱ्यांचे ढीग लागले. वडिलांनी हौसेनं टोपलीभर आणल्या. केळी मध्ये ठेवून आम्ही खोलीचं दार लावलं. लंगडा पिकला तरी वरून हिरवाच राहतो, त्यामुळे बघून काही कळेना. चार-पाच दिवसांनी फळं मऊ लागली. मी एक कापलं. साल सुरकुतलेली, आतला गर पांढुरका आणि आंबट, नुसता पाणचट. मी तोंड वाकडं न करता गिळायचा प्रयत्न केला. वडिलांनी माझ्याकडे बघून सुरी खाली ठेवली.

"मऊ झाला, पण गोड नाही झाला," ते म्हणाले. "चूक माझीच. वायू फळाला पिक म्हणून सांगतो, पण गोडी येते ती झाडानं आधी भरून ठेवलेल्या सत्त्वातून. ही तर भरायच्या आधीच पडली होती."

"अरे, पोरीला आंबा मिळावा म्हणून केलंस," आत्या म्हणाली. "त्यात चूक कसली? भरलेले आंबे आणू या."

मग शाळेला सुट्टी लागल्यावर आम्ही तिघं एक्क्यात बसून वरुणा नदीपलीकडच्या एका बागेत गेलो. उन्हात आत्या या झाडाखालून त्या झाडाखाली हिंडली. देठाजवळ खांदे भरून आलेली फळंच तिनं उतरवून घेतली. वडिलांनी त्यातलं एक कापून बघितलं. कोय टणक झाली होती आणि तिच्याभोवती पिवळसर छटा आली होती. ते समाधानानं हसले. पुष्कळ दिवसांनी मी त्यांना असं हसताना बघितलं.

पुन्हा पेंढा, पुन्हा केळी. आत्या रोज सकाळी दार किलकिलं करून उभी राहायची. एके दिवशी तिनं मला हाक मारली. खोलीतून तो घमघमाट येत होता. तिनं एक आंबा माझ्या हातावर ठेवला आणि मी उंबऱ्यावर बसूनच खाल्ला. पिवळा, दाट, मधासारखा. रस कोपरापर्यंत ओघळला. आत्यानं तो पदरानं पुसला.

"कसा आहे?"

"तू विचारू नकोस ना," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं.

तिनं मला जवळ घेतलं. "खा. तू खातेस ते मला पुरतं."

निघायच्या दिवशी तिनं अजून घट्ट असलेले आंबे करंडीत भरून दिले. "दाबून बघू नकोस, डाग पडतात. देठाशी वास घे. सासूबाईंना आधी दे."

नागपूरला पोचल्यावर दोन दिवसांनी करंडी उघडली. सासूबाईंनी पहिला आंबा चाखला आणि कोयही चोखून स्वच्छ केली. मग म्हणाल्या, "असा पिकलेला आंबा मी खाल्ला नव्हता. कुणी पिकवला गं?"

"माझ्या आईनं," मी म्हटलं.

माझी आई नाही हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि दुसरा आंबा कापून अर्धा माझ्यापुढे सरकवला.