गोळी स्पर्धेनंतर घे

"काय गं, चढवून आलीस का?"

नाटक बसवणाऱ्या सरांनी सगळ्यांसमोर विचारलं. माजिवड्याच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये तालीम चालू होती. माझ्या दोन्ही हातांत भरलेला तांब्या. एकांकिकेत मी गावच्या विहिरीवर हट्टाने पाणी भरणारी वस्तीतली पोर. हात थरथरले, अर्धं पाणी फरशीवर. मागून कुणीतरी बोललं, "घरचंच कल्चर असेल, सर." हशा. सरही हसले.

माझ्या बापाने उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नाही. कोपरीतल्या आमच्या चाळीत चौदा एप्रिलच्या जयंतीला माईक पप्पांच्याच हातात असतो. त्यांची पोर मी. पण मी खाली बसून फरशी पुसत होते.

शेवटी म्हटलं, "गोळीने हात थरथरतात, सर. मला बायपोलर आहे."

 एकीने लगेच आपली पाण्याची बाटली माझ्याजवळून उचलून घेतली. अगं बाई, हे काय लागतं का कुणाला?

गेल्या वर्षी ह्याच सरांनी मला डोक्यावर घेतलेलं. तेव्हा मी रात्र-रात्र झोपायचे नाही, तरी दमायचे नाही. बोलायला लागले की थांबायचेच नाही. सर म्हणायचे, "काय आग आहे पोरीत! तुमच्या लोकांच्या रक्तातच असते ती चीड." मला भारी वाटायचं. बक्षीस मिळालं. त्याच आठवड्यात मी भर दुपारी कोपरीच्या पुलाजवळ रिक्षा अडवून भाषण देत होते. पप्पांनी अक्षरशः उचलून घरी आणलं. मग हॉस्पिटल. मग नुसतं भिंतीकडे तोंड करून पडणं. केसांच्या जटा झालेल्या. ग्रुपमधलं एक कुत्रंही फिरकलं नाही. उलट, "भाव खातेय."

आईलाही कळलं नव्हतं. ती डॉक्टरबाईंना म्हणाली, "लहानपणापासून तापटच आहे ही." बाई म्हणाल्या, "तापट असू दे, बडबडी असू दे. तो तिचा स्वभाव. पण न झोपता असं सुसाट सुटणं आणि मग असं कोसळणं, हा आजार आहे. औषध आजाराला आहे, स्वभावाला नाही." आई तिथेच रडली.

तालीम संपल्यावर सरांनी मला बाजूला घेतलं. आवाज एकदम मऊ.

"हे बघ, तुझी आग गेलीय. स्पर्धेपर्यंत गोळी थांबव. स्पर्धेनंतर घे. मला गेल्या वर्षीची तू हवीयेस."

"आणि मी परत तशी झाले तर?"

"कलावंत थोडा वेडा असतोच गं."

"तुमच्या मुलीला असं सांगितलं असतं?"

"तिचा काय संबंध?"

खोटं कशाला बोलू, मोह झाला. ती भूमिका मला जीव तोडून हवी होती. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. जेवण झाल्यावर तिने गोळी आणि पाण्याचा पेला पुढे ठेवला, आणि भांडी घासायला बसली. मी पेल्याकडे बघत राहिले. मग गोळी गिळली आणि झोपले.

सकाळी उठले. डोकं शांत. आणि राग? होता तिथेच. आजारातला राग मला माहीत आहे, तो झोपूच देत नाही. हा राग माझ्यासोबत झोपलेला आणि माझ्यासोबत उठलेला. म्हणजे गोळीने माझं काही नेलं नव्हतं. हा राग आजार नव्हता, माझा होता.

त्या दिवशी तालमीला गेले आणि सगळ्यांसमोरच बोलले. "सर, गोळी चालूच राहील. ह्याच हातांनी काम करीन, जमत असेल तर सांगा. आणि ते रक्ताचं म्हणत होतात ना? माझं रक्त मी तपासून घेते. त्यात गोळीतलं लिथियम सापडतं, चीड नाही सापडत. चीड तुमच्या ह्या हॉलमध्ये आली. काल तुम्ही हसलात ना, तेव्हा."

सर म्हणाले, "बघ, किती अग्रेसिव्ह होतेयस. गोळी घेतलीस ना आज?"

"घेतलीय. म्हणूनच इतकं सरळ बोलतेय."

भूमिका दुसरीला दिली. तिचे संवाद मला अजून पाठ आहेत. आमच्या लोकांची वेदना आता ती रंगवते. रंगवू दे.

यंदा जयंतीला पप्पांकडून माईक मी मागून घेतलाय. हात थरथरतील, चाळीला दिसतील. कुणी विचारलं तर आजाराचं नाव घेऊन सांगणार. गोळी बंद करणार नाही. तोंडही.