शिकलेल्या यंत्राची पूजा

नववीत शाळा सुटली, आणि आमच्या गडहिंग्लजकडच्या एका मुकादमाने मला काचेच्या तारा जोडायला शिकवलं. केसाएवढी तार, तिच्यातून उजेड धावतो आणि त्या उजेडावर बसून लोकांचं बोलणं. मुकादमाचे उपकार मोठे. म्हणून त्याने घरापासून इतक्या लांब, विदर्भात पांढरकवड्याला पाठवलं तेव्हा वळकटी बांधून गेलो. काम बिघडलं तर परत शेण काढायला, हे ठरलेलं.

तिथे टेलिफोनच्या खोलीत नवं यंत्र बसलं होतं; त्याच्यापर्यंत येणाऱ्या तारा मी जोडल्या. पुण्याहून आलेले साहेब त्याचं कौतुक करताना थकत नव्हते. जुनी यंत्रं म्हणे अडाणी, एकच वेग धरून बसायची. हे तार कशी आहे ते ओळखतं आणि आपला वेग आपणच कमी-जास्त करतं. "लवचीक आहे," साहेब म्हणाले, "आणि तुझ्यापेक्षा शिकलेलं." मी हसलो. साहेब हसले की हसायचं, एवढं शिक्षण माझंही झालं होतं.

बाहेर रस्त्यावर कापसाच्या गाड्या भावाची वाट बघत उभ्या. साहेब म्हणाले, आता शेतकऱ्याला भाव क्षणात कळेल. खोली झाडणाऱ्या मावशींनी झाडू थांबवला. "पडलेला भाव लवकर कळून काय करू जी? रडाले येळ जास्त भेटन, एवढंच."

मग पूजा. नारळ, उदबत्ती, यंत्राच्या कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक. कपाळ कुठलं ते साहेबांनीच ठरवलं. फोटोसाठी काचेच्या तारेची शेवटची वायरही त्यांनाच यंत्रात खोचायची होती. त्यांनी टोकाची टोपी काढली, टोक फुंकलं, अंगठ्याने पुसलं आणि खोचलं. टाळ्या.

यंत्र सुरू झालं आणि निम्म्या वेगावर जाऊन बसलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "जोड कच्चे आहेत तुझे. जेवून येतो आणि मुकादमाला फोन लावतो. दुसरा माणूस पाठव म्हणावं."

"साहेब, वायरचं टोक एकदा साफ करून..."

"हात लावायचा नाही. नववीवाल्याने तर नाहीच नाही."

ते गेले. मी भिंतीला टेकलो.

"काहून भिंतीले टेकून राह्यले भाऊ?" मावशी म्हणाल्या. "त्या अंगठ्याले कुंकू होतं, मी पाह्यलं. आमच्या घरी पूजा-गिजा नसते, म्हून माये डोळे उघडेच होते. करा तुमी काम. दारात मी हाय ना."

वायर काढली. उजेडाच्या वाटेवर कुंकवाचा लाल थर बसला होता. स्पिरिटच्या कापडाने तीनदा पुसलं, परत खोचलं. थोड्या वेळात यंत्र पूर्ण वेगावर.

साहेब ढेकर देत आले, पडद्याकडे बघून फुलले. "पाहिलंस? आपलं आपण सावरलं! याला म्हणतात लवचीकपणा."

"मोठं समजदार यंत्र हाय जी," मावशी म्हणाल्या. चेहरा अगदी कोरा.

लाल कापड माझ्या मुठीत होतं. मूठ उघडायला किती वेळ लागतो? पण साहेबांच्या हातात फोन होता, आणि तो अजून लावला नव्हता.

"राहू दे तुला," साहेब म्हणाले. "यंत्राने सांभाळून घेतलं. आभार मान त्याचे."

मी यंत्रापुढे हात जोडले. वाईट हे की, मनापासून जोडले.