मांडीवरचा घेवर

आमच्या घरात साखरेच्या डब्याला कुलूप होतं आणि किल्ली आईच्या कमरेला. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, विमा कंपनीतली बदली जयपूरला झाली आणि वर्षभरातच त्यांना मधुमेह निघाला. तेव्हापासून अण्णा रोज सकाळी इन्सुलिनची सुई टोचून घ्यायचे आणि आई परीक्षानळीत निळं औषध घ्यायची, त्यात अण्णांच्या लघवीचे थेंब मोजून टाकायची आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. रंग निळा राहिला तर दिवस बरा जायचा. हिरवा झाला तर आई गप्प बसायची. विटकरी झाला की घरात कोर्ट भरायचं, आणि आरोपी हसू दाबत खाली मान घालून बसायचा.

कारण अण्णा पक्के लबाड होते. लग्नाच्या पंगतीत पुरीखाली जिलबी दडवायचे. शेजाऱ्यांकडे पेपर वाचायला म्हणून जायचे आणि दोन कप गोड चहा पिऊन यायचे. डॉक्टरांनी त्यांना खिशात खडीसाखर ठेवायला सांगितली होती, तर ती दुपारच्या आत संपायची. शेवटी आईने खडीसाखरच बंद केली. डॉक्टरांनी ती कशासाठी सांगितली होती, हे आईने नीट ऐकलं नव्हतं आणि अण्णांनी मुद्दाम सांगितलं नव्हतं, असं मला आता वाटतं. आम्हाला एवढंच ठाऊक होतं, की साखर म्हणजे विष.

मी दहा वर्षांची होते, थोरली आणि फटकळ. अण्णा बाहेर निघाले की पहारेकरी म्हणून मी बरोबर. मला हे काम फार आवडायचं, हे कबूल केलं पाहिजे. बापाच्या हातातला पेढा काढून घ्यायचा अधिकार किती मुलींना मिळतो? फक्त एकदा मी फसले होते. आई देवळात गेली होती आणि अण्णा कपाळाला हात लावून म्हणाले, "चक्कर येतेय गं, चमचाभर साखर दे." त्या दिवशी डबा उघडा राहिला होता. मी घाबरून तीन चमचे दिली. त्यांनी ती खाल्ली आणि मला डोळा मारला. दुसऱ्या दिवशी नळी विटकरी झाली आणि आईने मला जे सुनावलं, ते मी विसरणार नव्हते.

त्या वर्षी श्रावणातल्या तीजेच्या सणाला धाकट्या भावाला गोवर आला होता, म्हणून आई घरी राहिली. घरमालकीण बाईंना द्यायला शेरभर घेवर, म्हणजे तिथली पाकातली जाळीदार मिठाई, आणायचा होता. तीजेला जयपुरात घेवराशिवाय कुणाच्या घरी जाणं बरं दिसत नाही. आईने मला दारात थांबवलं. "डबा तुझ्या हातात. त्यांच्या हाती द्यायचा नाही. काही म्हणाले तरी नाही."

घेवर घेऊन झाला तोच त्रिपोलिया दरवाजातून तीजमातेची मिरवणूक निघाली आणि आम्ही गर्दीत अडकलो. हत्ती गेले, उंट गेले, पालखी गेली, पण आम्हाला पुढे जाता येईना की मागे. अण्णांची चार वाजताची पोळी आणि बिनसाखरेचा चहा तिथेच राहिला. चौगानच्या मैदानावर पोचलो तेव्हा सहा वाजत आले होते. मला आकाशपाळण्यात बसायचं होतं. अण्णा म्हणाले, "आधी काहीतरी खाऊ या." मी म्हटलं, "आधी पाळणा." मेळ्यात जे काही मिळत होतं ते गोड होतं किंवा तळलेलं, आणि मला माझा आरोपी चांगला माहीत होता.

पाळण्यात आमच्यासमोर चौमूं गावाहून मेळ्याला आलेली एक म्हातारी बाई बसली. तिच्या घरची माणसं मागच्या पाळण्यात होती. दोन फेऱ्या झाल्या आणि आम्ही अगदी वर असताना खाली इंजिनाचा पट्टा तुटला. एक हिसका बसला आणि सगळं थांबलं. खालून कुणी तरी ओरडून सांगितलं, की पट्टा आणायला माणूस गेलाय, बसून राहा.

आधी मजा वाटली. हवामहाल कुठे, आपलं घर कुठल्या बाजूला, असं मी अण्णांना विचारत होते. त्यांनी एकाचंही उत्तर दिलं नाही. बघितलं तर त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता आणि हात थरथरत होते.

"तो डबा दे," ते म्हणाले.

"आईने नाही म्हणून सांगितलंय."

"दे. चक्कर येतेय."

मला हसू आलं. तीच चक्कर, तेच कपाळ. मी डब्याची सुतळी बोटांभोवती गुंडाळली आणि डबा मांडीवर घट्ट धरला. "या खेपेला नाही हं, अण्णा."

मग त्यांचा आवाज बदलला. शब्द जड झाले, एकमेकांत मिसळायला लागले. माझे अण्णा कधी शिवी देत नसत, त्यांनी मला शिवी दिली. ते उठून उभे राहायला गेले तसा पाळणा एका बाजूला कलला आणि म्हातारीने त्यांना मनगट धरून खाली बसवलं. हे सोंग नाही, हे मला तेव्हा कळलं. खरंच कळलं. आणि तरी मी डबा दिला नाही. साखर विष आहे, माणूस आजारी दिसतोय, मग आजारी माणसाला विष कसं द्यायचं? उतरायला जागा नव्हती, विचारायला आई नव्हती. खाली माणसं इवलीशी दिसत होती आणि त्यांतलं कुणी वर बघत नव्हतं. मी रडत होते आणि डबा सोडत नव्हते.

म्हातारी म्हणाली, "छोरी, मीठो दे दे. जी घबरावै छै." गोड दे, जीव घाबरा होतोय त्यांचा, एवढं मला कळलं.

"मना है, मांजी."

तिने पुन्हा विचारलं नाही. तिने माझ्या बोटांवरून सुतळी ओढून काढली, डबा उघडला, घेवराचा तुकडा मोडला आणि अण्णांच्या तोंडात घातला. मग दुसरा. तिला मधुमेह वगैरे काही ठाऊक नसावं. उपाशी माणूस कसा दिसतो ते तिला ठाऊक होतं. पाक अण्णांच्या हनुवटीवरून ओघळला तो तिने ओढणीने पुसला.

सुईने उतरलेली साखर हळूहळू चढली आणि अण्णा अण्णांसारखे दिसायला लागले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, उघड्या डब्याकडे पाहिलं. मधलं काहीच त्यांना आठवत नव्हतं.

"मला घेवर कुणी दिला गं?"

"मी," मी म्हटलं.

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. तिला मराठी येत नव्हतं, पण एवढं तिला कळलं असावं. ती ओढणीला बोटं पुसत बसली. पट्टा आला, पाळणा फिरला, आम्ही उतरलो. मेळ्याच्या गर्दीत ती गेली ती गेलीच.

अण्णांनी घरी पोचताच आईला सांगितलं, "आज पोरीने माझा जीव वाचवला. तू देऊ नको म्हणून सांगितलं होतंस, तरी तिने ओळखलं." आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. बाहेर आली ती खडीसाखरेची पुडी घेऊन, आणि ती तिने माझ्या हातात दिली. तेव्हाच बोलायला हवं होतं. एक दिवस गेला, मग आठवडा गेला, मग ते शक्यच राहिलं नाही. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला अण्णा ही हकिगत सांगायचे आणि मला हाक मारून पुढे उभं करायचे. माझी पाठ थोपटली जायची. मी पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत उभी असायची. पाळणा तासाभरात खाली आला होता, पण या गोष्टीतून उतरायला मला जागा मिळाली नाही. मला बघायला आलेल्या मंडळींनाही त्यांनी ती सांगितली, आणि लग्न ठरलं.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मी माहेरी आले होते, त्या श्रावणात अण्णांची दोन्ही मूत्रपिंडं थकली होती. डॉक्टर म्हणाले, आता जे मागतील ते द्या. त्यांनी घेवर मागितला. त्यांना हात उचलवत नव्हता, म्हणून मी तुकडा मोडून माझ्या हाताने त्यांच्या तोंडात घातला.

चघळून झाल्यावर ते म्हणाले, "दुसऱ्यांदा भरवतेस."

मी म्हटलं, "हो."