बाबांचा खडक

बाबांनी मला खडक दाखवला तेव्हा मी बारावीत होतो. खारदांड्यासमोर, ओहोटीलाही वर न दिसणारा. तो शोधायचा तो किनाऱ्यावरच्या खुणांवरून. जुहूच्या एका जुन्या हॉटेलची पाण्याची टाकी मागच्या डोंगराच्या सोंडेखाली आली आणि दक्षिणेला चर्चचा एक मनोरा दुसऱ्याआड गेला, की खाली खडक. तिथे हेकरू मासे मिळतात, मोठे. जाळ्याला काहीच लागत नसलं की आमचं घर त्या खडकावर चालायचं. नियम एकच होता: नजरेच्या टप्प्यात दुसरी होडी असेल तर थांबायचं नाही. बाबा सरळ पुढे निघून जायचे, रिकाम्या हाताने घरी यायचे आणि आईची बोलणी खायचे. तिलाही खुणा माहीत नव्हत्या.

मी मासेमारीत गेलो नाही, अंधेरीत नोकरीला लागलो. तिथे एक मुलुंडचा मित्र मिळाला. बारा वर्षं आम्ही एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं. मध्येच त्याला शिडाच्या बोटीचं वेड लागलं आणि त्याने एक जुनी, छोटी बोट घेतली. दोन माणसं कशीबशी झोपतील एवढी केबिन, आणि एक इंजिन, जे चालू करणं त्याला कमीपणाचं वाटायचं. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं तिच्यातून मढहून मुरुडला गेलो. पाण्याचा रंग कुठे बदलतो, ओढ कुठे आहे, सगळं तो मला विचारायचा. ऑफिसात मला कोण विचारतं? मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

परत येताना पहाटे मांडवा सोडलं. खारसमोर आलो आणि जमिनीवरचा वारा पडला, समुद्रावरचा अजून सुटला नव्हता. शीड लोंबत होतं. मी किनाऱ्याकडे पाहिलं तर टाकी सोंडेच्या जवळच होती. चारी बाजूंना पाहिलं. एकही होडी नव्हती, म्हणून मी निर्धास्त झालो. वल्ह्याने बोट थोडी सरकवली, त्याला दोन्ही खुणा दाखवल्या, गळ सोडला. पहिल्याच खेपेला हेकरू आला. मित्र मोबाइलवर फोटो काढत होता, असं मला वाटलं. कोणाला सांगू नकोस, एवढं मी म्हणालो. तो म्हणाला, "पागल आहेस का? तुझे बाबा ते माझे बाबा."

महिन्याभराने एका रविवारी बाबांना खडकावर पाच पांढऱ्या बोटी दिसल्या. हौशी लोक, महागडे गळ. त्यातल्या एकाने अगदी प्रेमाने बाबांना मोबाइल दाखवला: नकाशावर खडक, वर लाल टिकली. मित्राने ती त्याच्या बोटवाल्यांच्या ग्रुपवर टाकली होती.

मी त्याला फोन केला. मला राग कसला आलाय तेच त्याला कळेना. "अरे, क्रेडिट तुलाच दिलंय ना," तो म्हणाला. "लिहिलंय खाली, खारदांड्याच्या मित्राने दाखवला." मी त्याला नको ते बोललो. बारा वर्षं ज्याच्या डब्यातलं खाल्लं त्याने मला विकलं होतं, तेही फुकटात, चार लोकांनी वाहवा म्हणावं म्हणून. आणि विकायला माल मीच दिला होता, हे त्याहून जास्त जळत होतं. आता आम्ही एकत्र जेवत नाही.

बाबांनी एकदाच विचारलं, "तू व्हतास ना बोटीवर?" मी हो म्हणालो. ते उठून जाळं उन्हात टाकायला गेले.

त्या बोटींनी खडक दोन महिन्यांत ओरबाडून काढला. तरी परवा बाबांच्या टोपलीत दोन हेकरू होते, पूर्वीसारखे मोठे. मला इतका आनंद झाला की मी न राहवून विचारलं, कुठे मिळाले.

"लांब जातो," बाबा म्हणाले.

बाजारात कुणी परक्याने विचारलं, की बाबा अगदी याच आवाजात हेच सांगतात.