हजार पावलांवरचं हरीण

खैरान गावातल्या माझ्या अरब मालकाच्या बंगल्यावर आज मला बंदुकीच्या तेलाचा वास आला आणि ते हरीण आठवलं. उघड्या वाळवंटात, गाडीच्या बॉनेटवर लाडकी रायफल टेकवून मालकाने ते हजार पावलांवरून पाडलं. कसली मर्दुमकी! मेहुण्यापुढे फुशारक्या मारण्याच्या नादात गोळी झाडताना बिस्मिल्ला म्हणायचं राहिलं. आम्ही पोचेपर्यंत हरीण मेलेलं, सुरी फिरवून हलाल करायलाही जीव उरला नव्हता.

मेहुणा म्हणाला, “बिस्मिल्ला काही ऐकू आलं नाही. मग हे हराम, खाता येणार नाही.”

मालक माझ्याकडे वळला. “तूही नमाजी माणूस, शेजारीच होतास ना रे? मी म्हटलं की नाही?”

सातवीत शाळा सोडलेल्या मला त्यानेच व्हिसा दिला, ड्रायव्हर केलं. ते उपकार मी आजही मानतो.

“म्हटलंत बाबा, मी ऐकलं.” मालकाला मी बाबाच म्हणतो.

जेवताना त्याने खुशीने मोठा तुकडा माझ्या ताटात टाकला. तो बघत होता, म्हणून मी नीट चावून खाल्ला.