मोज्यांच्या कारखान्याचा थांबा

रेल्वेच्या मालधक्क्यावर तेहतीस वर्षं काढलेल्या त्या गृहस्थांना सगळे पावतीकाका म्हणत. का, ते सांगायला वेळ लागत नाही. कुणी काहीही हातात ठेवलं की काका खिशातलं पॅड काढून लिहीत, 'माल सुस्थितीत मिळाला', आणि खाली तारीख, सही. धक्क्यावर ती नोकरीच होती, पण शेजाऱ्याने नेलेली छत्री परत आणून दिली तरी त्याला पावती मिळे. सासरेबुवांनी कौतुकाने घड्याळ दिलं, तेव्हा त्यांच्याही हातात कागद आलाच. बिचाऱ्यांनी तो शेवटपर्यंत कपाटात जपून ठेवला होता.

निवृत्तीच्या दिवशी धक्क्यावरच्या मंडळींनी वर्गणी काढून त्यांना खेळण्यातलं इंजिन आणि सहा वाघिणी भेट दिल्या. मालगाडीच्या डब्यांना वाघिणी म्हणतात, आणि काकांचा जीव इंजिनात नव्हे तर वाघिणींत अडकलेला असायचा, हे मंडळींना पक्कं ठाऊक होतं. काकांनी भर समारंभात पावती फाडून दिली. घरी येऊन खोकं कपाटावर ठेवलं आणि म्हणाले, "आधी आराखडा. मग रूळ."

त्याला आता दोन वर्षं झाली होती. खोकं तिथंच होतं.

मागच्या खोलीत गाडीचा देखावा मांडायला आठ बाय चार फुटांची फळी मात्र पडली होती. ती खोली खरं तर काकूंच्या शिलाई मशीनची. काकूंनी मशीन आपणहून पुढच्या खोलीत खिडकीशी हलवलं आणि एकच अट घातली. त्या म्हणाल्या, "त्यात माझा कारखाना दिसला पाहिजे." काकू सव्वीस वर्षं मोज्यांच्या कारखान्यात होत्या. ढिगातून एका मापाचे, एका रंगाचे दोन मोजे काढून जोडी लावायची, हे त्यांचं काम. काकांनी मान डोलावली. म्हणजे शब्दच दिला म्हणा ना. आणि आपला कारखाना कुठे बसतो ते बघायला काकू त्या दिवसापासून रोज चहाच्या निमित्ताने मागच्या खोलीत डोकावू लागल्या.

देखाव्याला विषय काय घ्यायचा यावरच सहा महिने गेले. पलीकडच्या गल्लीतले निवृत्त इंजिन ड्रायव्हर रोज पाचला चहाला येत. त्यांना डोंगर हवा होता, दरी हवी होती, निदान एक बोगदा तरी.

"बोगदा काय माल देतो?" काका विचारायचे.

"अरे बाबा, शोभा असते!"

"शोभा कुठल्या वाघिणीत भरायची, सांग."

ड्रायव्हर कपाळावर हात मारून घ्यायचे. अखेर काकांनी आपलंच स्टेशन घ्यायचं ठरवलं, ते नोकरीला लागले त्या वर्षीचं. एक जंक्शन, त्यातून फुटणारी एक शाखा आणि कारखान्यांसाठी पाच सायडिंग, म्हणजे माल चढवा-उतरवायला आत वळणारे रूळ. मग कुठले कारखाने घ्यायचे यावर खल सुरू झाला. काकांचा नियम कडक होता. ज्याच्याकडे गाडीने माल येतो आणि ज्याच्याकडून गाडीने माल जातो, त्यालाच फळीवर जागा. प्रत्येक कारखान्याचं एक कार्ड होतं, त्यावर दोन रकाने, 'येणारा माल' आणि 'जाणारा माल'. इमारतींच्या जागी तूर्तास औषधांची खोकी मांडली होती. खोकल्याच्या औषधाचं उंच खोकं म्हणजे पिठाची गिरणी. तिच्याकडे गहू यायचा, पीठ जायचं बिस्किटांच्या कारखान्याला आणि कोंडा जायचा पशुखाद्याच्या गोदामाला. टूथपेस्टचं लांबट खोकं म्हणजे लाकडाची वखार. ओंडके आत, फळ्या बाहेर. मलमाचं चपटं खोकं म्हणजे तेलाचा डेपो. लेकीला हे सगळं फोनवर सांगताना काकांना भूक-तहान आठवत नसे. एक वाघीण गहू उतरवून तिथंच कोंडा भरून परत निघते, म्हणजे एकही फेरी रिकामी जात नाही, हे तर ते दोन-दोनदा सांगायचे. रिकामी वाघीण परत जाताना बघणं त्यांना सोसवत नसे. माणसं कशाकशावर जीव लावतील याचा नेम नाही.

काकूंनी आपल्या कारखान्यासाठी बटणांची पत्र्याची डबी दिली होती. ती कधी गिरणीशेजारी बसली, कधी वखारीमागे, आणि दर वेळी काकांनी तिला उचललं. शेवटी ती खिडकीच्या कठड्यावर येऊन पडली. कारण साधं होतं. सूत यायचं ट्रकने, मोजे जायचे ट्रकने. कार्डाचे दोन्ही रकाने कोरे राहिले होते.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. तिच्याही सहनशक्तीला मर्यादा होती. "बाबा, मी रविवारी येतेय. ड्रिल आणतेय, डिंक आणतेय. आराखडा असेल तसा, मी रूळ ठोकून आणि इमारती चिकटवून जाणार. नंतर काही हलणार नाही."

शनिवारी दुपारी काका शेवटच्या रेघा मारत होते. काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी फळी बघितली, मग खिडकीचा कठडा बघितला. डबी उचलली, पदार्थावरची माशी हाकलावी तितक्या सहज तिच्यावरची धूळ झटकली आणि पुढच्या खोलीत नेऊन मशीनच्या खणात ठेवली. खण बंद झाल्याचा आवाज काकांनी ऐकला.

चहा गार झाला. काकांनी पट्टी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. तेहतीस वर्षांत गहाळ झालेल्या मालाच्या तक्रारी त्यांनी शेकड्यांनी ऐकल्या होत्या. लोक ओरडायचे, टेबलावर हात आपटायचे. त्याचं काही वाटायचं नाही. पण हे न बोलणं त्यांना झेपेना. ते उठून पुढच्या खोलीत गेले.

"अगं, तुमच्या कारखान्याला सायडिंगच नव्हतं."

"नव्हतं," काकू म्हणाल्या. मशीन चालूच होतं.

"मग मी तरी काय करू? नियम सगळ्यांना सारखा नको?"

"तेलाच्या डेपोला जागा आहे ना? त्याच्या टाकीच्या वाघिणी भरून यायच्या आणि रिकाम्या जायच्या. तुम्हीच घरी येऊन चडफडायचात."

ही गोष्ट काकांनी स्वतःपासूनही लपवली होती.

"बरं, ठेवतो," ते म्हणाले. "पण कार्डावर लिहू काय? येणारा माल काय?"

काकूंनी दाताने दोरा तोडला. "आम्ही."

"काय?"

"आम्ही. लिहा की. येणारा माल, बायका एकशे ऐंशी, सकाळच्या साडेसहाच्या गाडीने. जाणारा माल, त्याच एकशे ऐंशी, संध्याकाळच्या गाडीने. कारखान्याच्या फाटकासमोर थांबा होता आमचा. सव्वीस वर्षं गेले मी. एक फेरी रिकामी गेली नाही हो आमची गाडी."

साडेसहाची गाडी काकांना माहीत होती, म्हणजे तिची शिट्टी माहीत होती. ती प्रवासी गाडी, पलीकडच्या फलाटावरून सुटणारी. मालधक्क्याचं तोंड दुसरीकडे. सव्वीस वर्षं ती गाडी त्यांच्या पाठीमागून गेली आणि त्यांनी एकदाही मान वळवून बघितलं नाही, कारण तिच्यात त्यांना मोजण्यासारखं काही नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाचला ड्रायव्हर आले. काकांनी चहाही पुढे न करता विचारलं, "साडेसहाची गाडी कोण चालवायचं?"

"मीच की! अकरा वर्षं." ड्रायव्हर खुर्चीत ऐसपैस बसले. "आणि रोज अर्धं मिनिट उशीर. तुझ्यापायी."

"माझ्यापायी?"

"तर! वहिनी आधी तुझा जेवणाचा डबा द्यायला धक्क्यावर जायच्या. तिथून पूल चढून पळत पलीकडच्या फलाटावर. गार्ड हिरवं निशाण हातात धरून त्यांची वाट बघायचा, आणि मी त्याची. पाय आत पडला की मी शिट्टी द्यायचो."

काका पहाटे साडेपाचला घर सोडायचे, तेव्हा स्वयंपाक झालेला नसायचा. सहा पंचवीसला डबा टेबलावर यायचा. गरम असायचा. टेबलावर तोच काय तो एक माल असा होता, की ज्याची वेळ कधी चुकली नाही, आणि काका त्या वेळी गाडीच्या नोंदी तपासण्यात गर्क असायचे. मान वर न करता "ठेव" म्हणायचे. काकू तिथून गाडी कशी गाठतात, पळत की चालत, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

ड्रायव्हर गेल्यावर काकांनी तेलाचा डेपो फळीवरून उचलला आणि त्याची रेघ खोडरबराने पुसली. शाखेच्या मुख्य रुळाला लागून, दोन बोटं रुंदीचा एक फलाट आखला. मग पुढच्या खोलीच्या दारात जाऊन म्हणाले, "ती डबी दे जरा."

काकूंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. खणातून डबी काढली, बटणं ओंजळीत ओतून घेतली आणि रिकामी डबी त्यांच्या हातात दिली.

रविवारी सकाळी लेक ड्रिल घेऊन आली. दुपारपर्यंत रूळ बसले. गिरणी, बिस्किटं, पशुखाद्य, वखार, सगळं आपापल्या जागी चिकटलं. शेवटची डबी राहिली. त्या कार्डावर काकूंनी सांगितलं होतं तस्संच लिहिलेलं होतं, आकड्यासकट.

"आई, इथे ना?" लेकीने डिंक लावता लावता विचारलं.

"थांब. फाटक थांब्याच्या बाजूला होतं." काकूंनी डबी उचलून फिरवली. आत काहीतरी सरकलं. "बटण राहिलं वाटतं," म्हणत त्यांनी झाकण उघडलं.

आत घडी घातलेला पॅडवरचा कागद होता. काकूंनी तो लांब धरून वाचला.

'जेवणाचा डबा, एक. रोज सकाळी सहा पंचवीस. सव्वीस वर्षं. माल सुस्थितीत मिळाला. पावती द्यायची राहून गेली.' खाली सही.

काका वखारीच्या टोकाशी उगीचच एक वाघीण पुढेमागे करत होते. लेकीने आईकडे बघितलं, मग बाबांकडे, आणि शहाणी मुलगी, डिंकाचं टोपण शोधायला लागली.

"तारीख नाही टाकलीत," काकू म्हणाल्या.

"कुठली टाकू?"

काकूंनी कागदाची पुन्हा तशीच घडी घातली, डबीत ठेवली आणि झाकण घट्ट दाबलं.

"चिकटव गं," त्या लेकीला म्हणाल्या. "आता हलता कामा नये."