रिकामी पिशवी परत द्यायची नाही

पेणमध्ये मी बरीच वर्षं विमा विकला. त्यामुळे मला दोन गोष्टी चांगल्या जमतात. समोरचा कितीही वेळा "बघू" म्हणाला तरी खुर्चीवरून न उठणं, आणि मला लांबून बघून गल्ली बदलणाऱ्या माणसाला पुढच्या कोपऱ्यावर गाठणं. धान्य बँकेचे अध्यक्ष एक दिवस घरी आले आणि "ताई, देणग्यांचं काम तुम्ही बघा" म्हणाले, ते याच गुणांवर. त्यांना वाटलं होतं मी विचार करून सांगेन. चहा उकळायच्या आत मी हो म्हणून मोकळी झाले.

आमची धान्य बँक म्हणजे बाजारामागचं एक गोदाम, एक भाड्याचा टेम्पो, आणि पेण-रोहा पट्ट्यातली अशी गावं जिथे वर्षातले काही महिने चूल पेटवणं जड जातं. तांदूळ, डाळ, तेल, गूळ कापडी पिशवीत भरून घरोघर द्यायचं. पुढच्या खेपेला पिशवी परत घ्यायची, धुवायची, पुन्हा भरायची. हे चालतं देणग्यांवर, आणि देणग्या काही आपल्या पायांनी चालत येत नाहीत. मूर्तींचे कारखानदार, पापडवाल्या बाया, डॉक्टर, वकील, मी कोणाला सोडलं नाही. मला बघितलं की लोक विचारायचे, "आता कुठली पॉलिसी?" मी सांगायचे, "हप्ता तुमचा, जेवण दुसऱ्याचं. बोला."

धरमतर खाडीकडचं एक गाव मात्र या किरकोळ देणग्यांत भागणारं नव्हतं. आदल्या पावसाळ्यात उधाणाने बांध फुटला आणि खारं पाणी शेतात शिरलं. भात गेलं ते गेलंच, जमीनही पुढच्या हंगामापुरती नासली. मिठागरावरची मजुरी तेवढी राहिली, आणि पाऊस पडला की मिठागरंही बंद. म्हणजे पावसाळाभर घरात काही येणार नाही, हे गावाला उन्हाळ्यातच दिसत होतं. मी रोह्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीचे उंबरे झिजवले. शेवटी त्यांनी मे महिन्यात पहिल्या खेपेचं धान्य दिलं आणि पुढचं बघू म्हणाले. ते "बघू" ऐकून मी खुर्चीवरून उठले नाही हे वेगळं सांगायला नको.

त्या पहिल्या खेपेला आम्ही एक घोळ घातला. सगळ्या गावांना देतो तसा इथेही प्रत्येक पिशवीत मिठाचा एकेक पुडा टाकला होता. पिशव्या उघडल्या आणि बाया एकमेकींना पुडे दाखवून हसत सुटल्या. त्यांच्यातली एक, डोक्याला फडकं बांधलेली, मिठागरावर जन्म काढलेली बाई, पुडा माझ्यापुढे धरून म्हणाली, "ताई, मिठागरात मीठ आणलंत व्हय? उद्या खाडीत पानी ओताल!"

मी ओशाळले, आणि मग मीही हसले. तिने सगळ्यांचे पुडे गोळा करून टेम्पोत ठेवायला लावले. ज्या गावाला लागतं तिथे द्या म्हणाली. तेव्हापासून त्या गावात गेले की मी तिच्याच ओट्यावर बसू लागले. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मोबाईलवर तिने मला साखरपुड्याचे फोटो दाखवले. मुलगा, त्याची आई, बाप, झाडून सगळे. मुलाचं घर रोह्याजवळच्या खांब गावातलं. तुळशीचं लग्न लागलं की बार उडवायचा होता.

दुसऱ्या खेपेआधी कंपनीचं पत्र आलं. पावसाळाभराचं धान्य द्यायला ते तयार होते. अट एकच. प्रत्येक घरातल्या बाईचा, कंपनीचा फलक मागे धरून, हातात पिशवी घेतलेला फोटो हवा. चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे. फोटो गेटजवळच्या बोर्डावर लागतील.

मी गावात जाऊन हे सांगितलं. बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. मी निघाले तशी ती फडकंवाली टेम्पोपर्यंत माझ्यामागे आली.

"ताई, माजा घर गाळा," ती म्हणाली. "मना पिशवी नको. बाकीच्यांचा अडवू नका."

"का?"

"व्याही त्याच कंपनीत हाय. स्टोअरला. रोज त्याच गेटातून जातो. बांध फुटला ता त्यांना ठावं हाय, पन आमी पिशवीवर जगताव ता नाय सांगितला. पोरगी जल्मभर त्या घरात ऱ्हायची. सासू एकदा जरी बोलली, तुजी आय पिशवी धरून हुबी होती, तर पोर काय सांगल?"

"आणि पावसाळाभर खाशील काय?"

"बगू," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द ऐकून मी निघाले.

घरी येईपर्यंत मी रागाने धुमसत होते. धान्य द्यायचं आणि वर त्या माणसाचा चेहरा गेटावर टांगायचा, हा कुठला न्याय? अध्यक्ष समजुतीने म्हणाले, "ताई, एक घर वगळलं तर बाकीचं गाव तरी जेवेल." मी म्हटलं, "आज एक घर आपण वगळलं, तर पुढच्या वेळी कुठलं वगळायचं ते दुसरं कोणीतरी ठरवेल. मी असेपर्यंत एकही घर गळणार नाही." माझा आवाज चढला की ते नेहमीच माघार घेतात.

बोलणं सोपं होतं. पुढचे कितीतरी दिवस मी वणवण फिरले. पेणमधल्या ज्यांनी एकदा दिलं होतं त्यांच्याकडे पुन्हा गेले, रोह्यात ओळखी काढल्या, एका शेठजींनी मला पंख्याखाली बसवून तासभर स्वतःच्या गुडघ्याबद्दल सांगितलं आणि एक गोणी तांदूळ दिला. तोही मी घेतला. पण गावाचा पावसाळा काही त्यातून निघत नव्हता. कंपनीशिवाय पर्याय नव्हता, आणि कंपनीला फोटो हवा होता. मला रडू येत नाही, पण त्या दिवसांत दोन-चारदा विनाकारण घरच्यांवर ओरडले.

जूनच्या तोंडावर मी आधीच्या पिशव्या परत आणायला गावात गेले. पिशव्या तयार होत्या, पण उचलायला गेले तर जड. एकेका पिशवीत मीठ भरलेलं होतं. मिठागरावरचं जाडं, करडं मीठ. सगळ्या घरांनी तेच केलं होतं.

"अगो, रिकाम्या द्यायच्या ना! धुवायच्या असतात," मी तिला म्हटलं.

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला कोणी काही शिकवलेलंच नाही. "शेजारनीची वाटी तरी रिकामी देता का तुमी? आमच्याकडं मीठ हाय, मीठ घातला. आपली रीत हाय ती."

मी त्या पिशव्यांकडे बघत बसले. कुणी जाळ्याच्या नायलॉन दोरीने तोंड बांधलं होतं, कुणी सुतळीने, कुणी पोराच्या रिबिनीने. तिची पिशवी जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाने बांधलेली होती. एकही गाठ दुसरीसारखी नव्हती. आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं.

पिशव्या गोदामात न नेता मी टेम्पो तसाच रोह्याकडे वळवायला सांगितला. कंपनीच्या गेटवर रखवालदाराने विचारलं, "गाडीत काय आहे?"

"पुरावा," मी म्हटलं.

देणग्या बघणारा अधिकारी तरुण होता, शांत, गळ्यात ओळखपत्र. त्याच्या मीटिंगच्या लांबलचक टेबलावर मी आणि टेम्पोवाल्याने पिशव्या मांडल्या. तो खुर्चीतून अर्धा उठला. "मॅडम, हे काय? आपलं फोटोचं ठरलं होतं."

"तुमचं ठरलं होतं, आमचं नाही. तुम्हाला धान्य घराघरात पोचल्याचा पुरावा हवा ना? जितक्या घरांना दिलं तितक्या पिशव्या आहेत. मोजा. प्रत्येक गाठ वेगळ्या बाईच्या हातची आहे. तुमचं खाल्लं आणि पिशवी रिकामी परत दिली नाही. आता मला सांगा, ज्या बाईने हे दिलं तिला मी फलकापुढे उभी करू?"

एवढं बोलून मी थांबले. विम्याच्या धंद्यात एवढं तरी शिकले होते की इथे जो आधी बोलतो तो हरतो. त्याने एका पिशवीची गाठ बोटाने चाचपली. मग मोबाईल काढला, मागे कंपनीचा फलक येईल असा कोन साधला आणि टेबलावरच्या पिशव्यांचा फोटो घेतला. "साहेबांना हाच पाठवतो," तो म्हणाला. "बाकी मी बघतो." आणि हे "बघतो" खरं होतं. धान्य पावसाळाभर आलं.

मग त्याला प्रश्न पडला, एवढ्या मिठाचं करायचं काय. त्याने फोन करून स्टोअरमधल्या माणसाला बोलावलं. दारातून जो आला त्याला मी मोबाईलवर बघितलेलं होतं. साखरपुड्यात फेटा बांधलेला तिचा व्याही, आता निळ्या शर्टात.

त्याने एक पिशवी सोडली, खडा जिभेवर टेकवला आणि चेहरा खुलला. "हा मिठागरावरचा हाय. कुठला, ताई?"

"खाडीकडचं," मी म्हटलं.

"लोनच्याला हाच लागतो. पुड्यातल्या मिठानं लोनचा टिकत नाय." मग त्या अधिकाऱ्याकडे बघून जरा संकोचाने म्हणाला, "बाकीचा कॅन्टीनला देतो. एक पिशवी घरी नेली तर चालंल? घरात आंबं चिरून ठेवल्यान."

अधिकारी हो म्हणाला. तो जवळची पिशवी उचलायला वाकला, तेवढ्यात मी हिरव्या काठाची पिशवी पुढे ओढून त्याच्या हातात दिली. "ही न्या," मी म्हटलं. "ही चांगली भरलेली आहे."

पुढच्या खेपेला मी तिच्या ओट्यावर बसून तिला सगळं सांगितलं. कोणाला काही कळलेलं नाही, कोणाचा फोटो लागलेला नाही, आणि तिची पिशवी कुठे गेली तेही सांगितलं. बाहेर पाऊस लागला होता. ती तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला.

"लोनचा घातला त्यांनी त्याचा?"

"घातलं असेल. आंबे चिरलेले होते."

पदराने डोळे पुसत तिने आतल्या खोलीकडे वळून मुलीला मोठ्याने हाक मारली, "आयकलंस का गो? तुज्याआधी आपला मीठ जाऊन बसला त्या घरात!"